कातळावरची पंगत

तळेरे

देवगडचा हापूस ज्या जमिनीवर पिकतो, तिचा बराचसा भाग दगड आहे. हे वाक्य निघण्यापूर्वी मी वाचले होते. दिसले मात्र तळेऱ्याच्या फाट्यावरून देवगडच्या रस्त्याला वळल्यानंतर. झाडी विरळ होत गेली आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, सुरू झाला. काळपट, भोकाभोकांचा, मे महिन्याच्या उन्हात तव्यासारखा तापलेला. त्या सड्यावर रांगेने आंब्याची झाडे उभी होती. आमच्या बार्शीकडे शेत घेणारा माणूस ढेकूळ हातात धरून फोडून बघतो. इथे फोडून बघायचे तर सुरुंग लावावा लागेल.

त्याआधी तळेऱ्याला नाश्ता झाला. घावणे, खोबऱ्याची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. समोर अनघा बसली होती. ती मृदशास्त्रज्ञ, मूळची कराडची. गेली तीन वर्षे ती या भागातल्या फळबागांचे मातीचे नकाशे तयार करते आहे. पद्धत सांगायला सोपी आहे. बागेचे भाग पाडून प्रत्येक भागातून मातीचा नमुना घ्यायचा, त्या भागाची जागा मोबाइलवर नोंदवायची, नमुने प्रयोगशाळेत तपासायचे आणि आलेले आकडे नकाशावर रंगांनी भरायचे. आम्लता किती, स्फुरद किती, पालाश किती, सेंद्रिय कर्ब किती, याचा एकेक वेगळा नकाशा. लाल म्हणजे कमी, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे पुरेसे. बागायतदाराने लाल भागाला जास्त खत द्यायचे आणि हिरव्या भागाला कमी किंवा अजिबात नाही.

कोकणात याची गरज अधिक आहे. इथली लाल माती आम्ल असते. तिच्यात लोह इतके, की टाकलेले स्फुरद ती धरून ठेवते आणि मुळांना मिळू देत नाही. शेतकरी दर वर्षी पोती टाकतो, तरी झाड उपाशी राहते. शेजारच्या ओढ्याकाठच्या बागेत तेच पोते जास्त होते आणि झाड नुसते पानांनी माजते.

“तुम्हाला ज्या बागेत नेतेय, तिथे नकाशा यशस्वी झालाय,” अनघा घावणा दुमडत म्हणाली, “आणि त्यामुळेच तिथली झाडं तुटणार आहेत.”

वरची बाग

बाग देवगडच्या अलीकडे आहे, एका लहान गावात. घर खाली ओढ्याजवळ. घराभोवती खालची बाग, खोल मातीतली. पायवाटेने वर चढले की सडा, आणि सड्यावर वरची बाग. दोन्हींची मालकी दोन भावांची. थोरले दत्ताराम, गावात सगळ्यांचे काका, सत्तरीच्या पुढचे. वरच्या बागेचे प्रत्येक झाड त्यांनी लावलेले. धाकटे वसंत मुंबईत, नोकरीतून निवृत्त. बागेचा कारभार आता वसंतरावांची मुलगी मेधा बघते. तिने पुण्यातली हिशेबनिसाची नोकरी सोडली आणि ती गावी आली. नकाशाचा आग्रह तिचाच होता.

खालच्या बागेत नकाशाने काम केले होते. तिथे स्फुरद आणि नत्र भरपूर निघाले. मेधाने खत निम्म्यावर आणले आणि फळ घटले नाही. मुंबईहून वसंतरावांनी शाबासकी दिली. मग वरच्या बागेचा नकाशा आला. तो सगळा पिवळा. आम्लता मध्यम, स्फुरद मध्यम, पालाश मध्यम. आणि वरची बाग तर चार मोसम धड मोहरलेली नाही.

वसंतरावांनी यातून निष्कर्ष काढला. आम्ही पोचलो तेव्हा ते फोनवर होते आणि मेधाने फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

“नकाशान सांगल्यान मा, माती बरी आसा? मगे झाडांचोच दोष. तोडून टाकूया नि काजीची कलमां लावया. बाबल सोमवारी येतलो, तेका मी सांगलंय.”

बाबल म्हणजे झाडे तोडणारा ठेकेदार.

“बाबा, आणखी एक वर्स—”

“तुझोच नकाशो, मेधा. खालच्या बागेत खरो नि वरच्या बागेत खोटो, असा कसा चलात?”

तिने फोन ठेवला. काका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत होते. त्यांनी वर न बघता म्हटले, “ऐकलंस मा? तुझ्या नकाशान माझी झाडां मारल्यान गो.”

मग त्यांना पाहुणे दिसले. “इलास? बसा. पाणी हाड गो.”

वर गेलो तेव्हा ऊन कलले होते. पहिला अपघात माझ्या बुटांचा. तापलेल्या कातळावर चिकटवलेला तळ सुटला आणि चालताना टाळ्या वाजू लागल्या. काका अनवाणी पुढे होते. त्यांनी वळून बुटांकडे बघितले. खाली आल्यावर कोनाड्यातून एक जुनी रबरी चप्पल काढून माझ्यापुढे टाकली. उरलेला प्रवास तिच्यावर झाला.

वरच्या बागेत प्रत्येक झाडाभोवती दगडांचा गोल बांध आहे आणि बांधाच्या आत माती. झाडे म्हातारी नाहीत, खोडे चांगली जाड आहेत. काही झाडे गच्च हिरवी आणि काही फिकट, शेंड्याकडे विरळ. दोन्ही तऱ्हेच्या झाडांना मोहर नाही, असे मेधाने सांगितले. हे मी वहीत लिहिले. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही आणि इतरांनाही लागला नाही.

एका फांदीला पत्र्याचा डबा लटकवलेला होता, तेलाचा, कधीतरी वरून कापलेला. काकांचे खताचे माप. दर वर्षी पाऊस स्थिरावला की प्रत्येक झाडाला त्याच डब्याने, काठोकाठ. नकाशाप्रमाणे कमीजास्त द्यायला त्यांचा विरोध का होता, ते त्यांनीच सांगितले.

“सगळ्यांका एकच माप. एकाच पंगतीत एकाक भात नि दुसऱ्याक पेज, ह्या आमच्या घरात कधी झाला नाय.”

जेवण

त्या घरात जेवायला खरोखरच पंगत असते. टेबल आहे, पण त्यावर आंब्याच्या पेट्यांचे खिळे आणि सुतळी. आम्ही ओळीने पाटांवर बसलो. उकड्या तांदळाचा भात, तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले म्हणजे घट्ट तिखट कालवण, फणसाची भाजी, सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला उकडा भात सुरुवातीला जाड वाटतो. तिखल्याबरोबर दुसऱ्या वाढीला तो मत बदलायला लावतो.

मेधा वाढत होती. काकांच्या पानात तिने इतरांच्या निम्मा भात वाढला आणि ती पुढे सरकली.

“हयसर काय दुष्काळ पडलो?” काका म्हणाले.

“तुमका साखर आसा, काका. सगळ्यांका एकच माप वाढूया काय? मगे उद्या दवाखान्यात कोण येतला?”

“ह्यो पंक्तिप्रपंच.”

“ह्यो नकाशो,” मेधा म्हणाली. “डॉक्टरान रक्ताचो काढलेलो.”

काका हसले नाहीत, पण त्यांनी भात पुन्हा मागितला नाही.

मग मी काळ्या मातीतल्या माणसाने विचारावा असा प्रश्न विचारला. कातळावर ही माती आली कुठून?

“कातळार माती खंयची?” काका खुलले. “सुरुंगान खड्डे मारले नि ट्रकान माती हाडली. पयली हाडली ती नदीकडची, गाळाची. काळी, मऊ, लोण्यासारखी. मगे थयल्या लोकांनी बंद केल्यानी. पुढच्या वर्सा खाली रस्त्यासाठी डोंगर कापलेलो, ती तांबडी माती फुकट मिळाली. उरलेले खड्डे तिना भरले.”

अनघाचा हात पानातच थांबला. “काका, म्हणजे वरच्या बागेत दोन प्रकारची माती आहे?”

“दोन कित्या? माती ती माती. कलमां दोनय वर्सांची सारखीच लागली.”

यात लपवलेले काही नव्हते. सड्यावरच्या बागांना माती बाहेरून येते, हे अनघाला ठाऊक होते. ट्रक कुठून आले, हे काकांना ठाऊक होते आणि मेधाने ते लहानपणापासून ऐकले होते. पण नमुने घ्यायचे ठरले तेव्हा कोणी ते बोलले नाही. आमच्याकडे जमीन आणि माती एकच असते. इथे जमीन जागेवर राहते आणि माती प्रवास करून येते. नमुना घ्यायचा नियम मात्र आमच्याकडच्या जमिनीसाठी लिहिलेला. बागेच्या एका भागातून दहा ठिकाणची माती घ्या, घमेल्यात एकत्र मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. मेधाने नियम तंतोतंत पाळला होता. गाळ आणि डोंगराची माती एकाच घमेल्यात मिसळली होती आणि प्रयोगशाळेने त्या मिश्रणाचा खरा आकडा दिला होता. फक्त तसे मिश्रण बागेतल्या एकाही झाडाखाली नव्हते.

“खड्डे कुठले कुठले, आठवतंय?” अनघाने विचारले.

“आठवता म्हणजे? वरसून अर्धे नदीचे, खालसून अर्धे तांबडे. डोळे मिटून सांगीन.”

गिरमिट

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघाने मातीचे गिरमिट काढले. लोखंडी दांडा, खाली पीळ. वर दिसणारी माती पालापाचोळ्याने आणि शेणखताने सगळीकडे सारखी काळपट झालेली, फरक खाली. गिरमिट हातभर आत जाते आणि खालची माती पिळात धरून वर आणते. प्रत्येक झाडाखालचा नमुना वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर झाडाचा क्रमांक.

पहिल्या रांगेत काळा गाळ निघाला. काकांनी मेधाकडे विजयी नजरेने बघितले. दुसऱ्या रांगेत तिसऱ्याच झाडाला गिरमिट तांबडे होऊन वर आले.

“ता वायच सरकला असात,” काका म्हणाले.

पुढची दोन काळी, मग चार तांबडी, मग पुन्हा काळे. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे काही नव्हते. ट्रकवाल्याला जिथे ट्रक वळवता आला तिथे त्याने माती ओतली होती. काकांनी दुपारपर्यंत वाद घातला. विहिरीच्या वाटेवरच्या मोठ्या झाडाबद्दल तर त्यांनी पैज लावली. ते झाड नदीच्याच मातीतले. त्यांनी स्वतः पहिल्या ट्रकमधून उतरवलेली माती.

गिरमिट वर आले ते तांबडे.

काकांनी ती माती बोटांत चुरडली, हुंगली आणि ते पुढच्या झाडाकडे गेले.

अनघाने जवळच्या छोट्या यंत्रावर आम्लता तिथेच मोजली. शास्त्रात तिच्या मापाला सामू म्हणतात. तांबड्या मातीत सामू बराच खाली, म्हणजे आम्लता जास्त. गाळात तो जवळजवळ हवा तसा. स्फुरद आणि पालाश प्रयोगशाळेतच कळणार होते. मेधाने वडिलांना फोन लावला. वसंतरावांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सोमवारपर्यंत प्रयोगशाळेचा कागद हाड. यंत्रार माझो विश्वास नाय.”

अनघाला दुसऱ्या गावात जायचे होते. पिशव्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवायचे काम माझ्याकडे आले. एसटीत गोणी मांडीजवळ घेऊन बसलो. कंडक्टरने बोट दाखवले.

“काय आसा तिच्यात?”

“माती.”

“माती?” त्याने गोणीकडे आणि मग खिडकीबाहेर पसरलेल्या जिल्ह्याकडे बघितले. “हयसर माती कमी पडली म्हणान तुम्ही भायरसून हाडलास?”

मागच्या बाकावरची बाई तिकीट काढता काढता हसली आणि पुढच्या थांब्यापर्यंत हसत राहिली.

कट्टा

आकडे यायला वेळ होता. तोवर कट्ट्याला गेलो, मालवणच्या आतल्या बाजूला. इथे सडा संपून खरी डोंगरउताराची माती लागते. काजू, आंबा, खाली भात. एका काजू बागायतदाराने आपल्या बागेचा नकाशा मोठ्या फलकावर छापून पडवीत लावला आहे. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला कालनिर्णय, मध्ये नकाशा. त्याची म्हातारी आई सकाळी तिघांनाही हळदकुंकू वाहते.

“आई, ता देव नाय, आमची काजीची बाग,” मुलगा म्हणाला.

“मगे? तीच जेवक घालता मा?” म्हातारीने उत्तर दिले आणि मला शिरवाळ्यांची बशी दिली. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. आमच्याकडच्या गव्हाच्या शेवयांहून जाड, आणि हातानेच खायच्या. चमचा मागितल्यावर घरभर शोध झाला.

या बागेत नकाशा बरोबर चालतो. माती जागच्या जागी तयार झालेली असल्यामुळे उतारावरचा लाल पट्टा खरोखर लाल आहे आणि सखल भागातला हिरवा खरोखर हिरवा. बागायतदार वरच्या पट्ट्याला चुना आणि पालाश देतो, खालच्या भागाला फक्त शेणखत. झाडे बघूनही फरक कळत नाही, इतकी ती आता सारखी दिसतात. पद्धतीत दोष नव्हता. देवगडच्या सड्यावर तिला एक प्रश्न आधी विचारायला हवा होता, इतकेच. माती कुठून आणली?

सोमवार

बाबल सकाळीच आला. टेम्पोत यंत्रकरवत, दोर आणि दोन माणसे. मेधाने त्यांना चहा दिला. मी आदल्या रात्री परतलो होतो, पण हात रिकामे होते. कागद मोबाइलवर येणार होता. काका अंगणात आलेच नाहीत. मागच्या पडवीत बसून ते सुतळीचा गुंता सोडवत होते, जो आम्ही आलो तेव्हा नव्हता.

बाबलने दुसरा चहा संपवला. “बाय, ऊन चढता. सुरू करूया?”

“वायच थांब रे, बाबलदादा.”

अनघाचा संदेश आला. तांबड्या मातीत झाडाला मिळू शकणारे स्फुरद नावापुरते, पालाश कमी. गाळात दोन्ही भरपूर, नत्र तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त. वर्षानुवर्षे तेच माप, तोच डबा, आणि परिणाम साठत गेलेला. तांबड्या मातीतली झाडे उपासमारीने मोहरत नव्हती आणि गाळातली अति खाऊन फक्त पाने काढत होती. दोन्हींची सरासरी मात्र पिवळी, मध्यम.

मेधाने वडिलांना फोन लावला. वसंतरावांनी आकडे ऐकले. मग म्हणाले, “सरासरी तर तीच इली मा? मगे पयलो नकाशो खोटो कसो?”

मेधाने आत बघितले. ओट्यावरून स्वयंपाकघरातली चूल दिसत होती.

“बाबा, दहा पानांचा जेवण पाच जणांनी खाल्ल्यानी नि पाच उपाशी उठले, तरी टोप रिकामोच दिसता. नकाशान टोप बघल्यान. पानां बघूक नाय.”



“काका खंय आसत?” वसंतरावांनी विचारले.

“पडवीत. सुतळी सोडवतत.”

“तेंका सांग, दोन मोसम. मगे माका अडवूचा नाय.”

मागच्या पडवीतला सुतळी ओढण्याचा आवाज थांबला. बाबलने कप खाली ठेवला. “मगे माका कशाक बोलयलास?”

“ओढ्याकाठची सुकी काज काप,” मेधा म्हणाली. “ती खरीच मेली हा.”

पुन्हा सड्यावर

मी परत गेलो तो जूनच्या उत्तरार्धात, पावसाने उघडीप दिली होती तेव्हा. सड्यावर गवताची हिरवी साय आली होती आणि खळग्यांत पाणी साचले होते. मेमध्ये तव्यासारखा तापलेला तोच कातळ आता अनवाणी चालण्याजोगा थंड होता. रबरी चप्पल मी परत आणली होती. काकांनी ती कोनाड्यात ठेवली, जागा ठरलेली असल्यासारखी.

तांबड्या मातीतल्या झाडांना मेधाने लाल चिंध्या बांधल्या होत्या. गाळातली झाडे मोकळी. चिंध्यांच्या झाडांना चुना आधीच देऊन झाला होता. आता शेणखत, स्फुरद आणि पालाश. मोकळ्या झाडांना या वर्षी काही नाही. अनघाने नवा नकाशा काढला आहे. त्यात वरच्या बागेला पट्टे नाहीत. प्रत्येक झाडाचा एक ठिपका, लाल किंवा हिरवा. पिवळा एकही नाही. झाडे पहिल्याच मोसमात पूर्ण सावरतील असे ती म्हणत नाही, पण दुसऱ्या मोसमाबद्दल तिला शंका नाही. झाडे पाहिल्यावर मलाही ती वाटली नाही.

काकांच्या हातात तोच तेलाचा डबा होता. मेधा टोपली घेऊन मागे. पहिले लाल चिंधीचे झाड. काकांनी डबा काठोकाठ भरला, बांधाच्या आत खोडापासून दूर गोल चर काढला होता त्यात खत हाताने सारखे पसरले, माती ओढली. दुसरेही तसेच. विहिरीच्या वाटेवरच्या मोठ्या झाडापाशी ते थांबले. त्याची चिंधी नीट बांधलेली नव्हती. त्यांनी ती सोडून पुन्हा घट्ट बांधली.

“इतकी वर्सां माका फसवल्यान ह्या झाडान,” ते म्हणाले आणि त्यालाही काठोकाठ डबा दिला.

पुढचे झाड गच्च हिरवे, चिंधी नसलेले. काकांचा हात सवयीने टोपलीत गेला. डबा भरला.

काका त्या झाडाकडे वर बघत उभे राहिले. मग डबा टोपलीत उलटा केला आणि तळावर हात मारून सगळे खत झाडले.

“ह्येका उपास,” त्यांनी जाहीर केले आणि ते पुढच्या झाडाकडे निघाले.